करमणूक करवाले सर

सिनेमा बघायलाही शिकावं लागतं, हे पुण्यात फार आधी ठरलं होतं. १९६० साली प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली, पुढे सतीश बहादूर सरांनी तिथे रसास्वादाचे वर्ग घेतले, ‘पथेर पांचाली’ शॉटमागून शॉट उलगडून दाखवला. बीडपर्यंत ही बातमी पोचायला २०१६ उजाडलं, आणि ती पोचवायला नेमका मी निघालो.

शाळेत मराठी शिकवता शिकवता मी एका विद्यापीठाच्या टीव्ही-चित्रपट विश्लेषणाच्या बहिःस्थ अभ्यासक्रमाचा फॉर्म भरला. ‘मास्तर हिरो व्हायला निघाले’ अशी भावकीत बोंब झाली. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. टीव्ही बघायचे मार्क मिळणार असतील तर फॉर्म तिच्या नावानं भरायला हवा होता. सराव तिचा जास्त.

पहिलाच धडा कुलेशॉव्हचा. या रशियन गृहस्थानं एकाच नटाचा कोरा चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला, कधी बाईला जोडून दाखवला म्हणे. आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख, वासना सगळं दिसलं. रात्रीच्या मालिकेत विजेच्या कडकडाटासह सासूचा चेहरा तीनदा जवळ आला, तेव्हा मी हा सिद्धांत घरच्यांना समजावून सांगू लागलो. आई म्हणाली, “ते राहू दे बाबा. तिनं विष कशात कालवलं ते तुझ्या बडबडीत ऐकूच आलं नाही.”

माझं प्रात्यक्षिक त्याच रात्री घराबाहेर हलवण्यात आलं.

सत्रकार्यासाठी चालू सिनेमा निवडून शॉट, ध्वनी आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद नोंदवायचा होता. एप्रिलच्या शेवटी ‘सैराट’ लागलेला. ते दुष्काळाचं वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्याकडे टँकरवर भांडणं होत होती. तरी थिएटरवर ही गर्दी! मी वही आणि बारीक बॅटरी घेऊन मागच्या रांगेत बसलो. प्रत्येक शॉटला एक रेघ, चारावर आडवी पाचवी. ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्यांवर चढली आणि माझ्या रेघा चुकल्या. निदान प्रतिसाद तरी नोंदवावा म्हणून उभा राहून, बॅटरी मारून, मी नाचणारी डोकी मोजू लागलो.

खांद्यावर हलकेच हात पडला. मॅनेजर.

“सायेब, आधी कळवलं असतं तर... हापिसात बसून बोलू की. मराठी पिक्चरला तर करमणूक कर माफ हाय ना?”

“अहो, मी विश्लेषण करायला आलोय.”

त्याचा चेहरा उतरला. “इश्लेशन? म्हंजी वरून आदेश हाय?”

खरं सांगायचा मी प्रयत्न केला, पण तोवर बाल्कनीतली खुर्ची, चहा आणि दोन समोसे आले होते. मराठवाड्यात अन्नाला नाही म्हणत नाहीत.

मध्यंतरानंतर ‘ध्वनी’चा रकाना हाती घेतला. अजय-अतुलनी यातला वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला. त्यावर दोन पानं लिहायची होती. शेवटच्या प्रसंगाला अचानक सगळा आवाज बंद. संपूर्ण थिएटर श्वास रोखून पडद्याकडे बघत होतं, आणि बाल्कनीतून विश्लेषणाचा एकमेव विद्यार्थी ओरडला, “ओ ऑपरेटर, आवाज गेला!”

खालून कुणीतरी वळलं. आमच्याच शाळेतला, नववीचा.

“सर, गप बसा ना. ते तसंच हाय.”

मान खाली घालून मी जिना उतरलो, तर मॅनेजर दारात हात जोडून उभा.

“सायेब, तेवढं आवाजाचं रिपोर्टात लिहू नका.”

नाही लिहिलं. ‘ध्वनी’चा रकाना कोराच पाठवला. परीक्षकांनी त्याच्यापुढे लाल शाईनं ‘अत्यंत मार्मिक’ असा शेरा मारला होता, आणि सगळ्यात जास्त मार्क त्यालाच.