ज्ञाताकडून अज्ञाताकडे, व्हाया तुळशीबाग

अध्यापनशास्त्रात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' असे एक जुने सूत्र आहे. मुलाला जे ठाऊक आहे तेथून आरंभ करून त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीकडे हळूहळू न्यावे, असा त्याचा अर्थ असून बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी जिल्ह्याजिल्ह्याचे निराळे पुस्तक काढले, त्यामागेही हीच दृष्टी दिसते. घर, गल्ली, गाव, जिल्हा, राज्य, देश आणि मग जग, असा तो क्रम. पुण्यातील काही शाळांना मात्र हा प्रवास फार रेंगाळतो असे वाटल्यामुळे त्यांनी मधली सगळी स्थानके गाळली असून पहिलीतले मूल शाळेच्या फाटकातून निघते ते थेट टोकियोलाच उतरते. या जलद गाडीला 'कल्चर डे' म्हणतात. प्रत्येक वर्गाला एक देश वाटून दिला जातो. त्या देशाचा ध्वज, पोशाख, खाद्यपदार्थ आणि 'नमस्कार' यांची सिद्धता आठ दिवसांत व्हावी लागते. आणि ती कोणी करावी याविषयी शाळेची सूचना मौन पाळत असली, तरी ती आईने करावी याविषयी कोणत्याही घरात दुमत नसते.

या परदेशांचा घाऊक पुरवठा बुधवार पेठेतून होतो. पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाच्या चौकात जगातील सर्व ध्वजांचा एकच गुळगुळीत तक्ता मिळतो, शिवाय कार्डशीट, क्रेप कागद, चमकी आणि 'प्रोजेक्ट'चे सर्व साहित्य मिळते. येथे 'प्रोजेक्ट' या संज्ञेचा अर्थ सांगणे आवश्यक आहे: मुलाच्या नावावर असलेली, पालकांनी रात्री अकरानंतर केलेली आणि मुलानेच केली असे गृहीत धरून बाईंनी शेरा दिलेली कलाकृती म्हणजे प्रोजेक्ट. देशांची लोकप्रियताही याच कलाकृतीच्या श्रमांवरून ठरते. ब्राझील ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना 27 तारे कातरावे लागतात, भूतानवाल्यांना अख्खा ड्रॅगन काढावा लागतो, आणि जपान मिळालेल्या घरात मात्र पांढऱ्या कागदावर आमटीची वाटी उपडी घालून पाच मिनिटांत राष्ट्रध्वज तयार होतो. भारत-जपान मैत्रीची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकांनी या वाटीकडे आजवर दुर्लक्ष केले आहे.

ध्वजानंतर पोशाख, आणि पोशाखासाठी तुळशीबाग. किमोनो म्हणजे पुढून एकावर एक पदर घेऊन कमरेला रुंद पट्ट्याने बांधायचे जपानी वस्त्र. तुळशीबागेत किमोनो या नावाने काही मिळत नसल्याने साटिनचा लेडीज गाउन घेतला जातो, त्याला खालून चार बोटे दुमड घातली जाते आणि कमरेला ताईची जुनी ओढणी बांधली जाते. येथवर ठीक, परंतु जपानी रिवाजाप्रमाणे किमोनोची डावी बाजू वर यावी लागते आणि उजवी बाजू वर घेतात ती केवळ मृताला वस्त्र नेसवताना, तर बायकांच्या गाउनची बटणे अशी असतात की उजवीच बाजू वर येते. परिणामी व्यासपीठावर रांगेने येणारी ती गोजिरवाणी बालके जपानी दृष्टीने पाहता अंत्यविधीसाठी सजवलेली असतात, आणि हात जोडून 'कोन्निचिवा' म्हणतात. जपानी माणूस असे म्हणताना हात जोडत नाही, अंगालगत ठेवून वाकतो, हा त्यामानाने किरकोळ तपशील होय. डब्यात सुशी असते. मासा शाळेत चालत नसल्यामुळे ती दहीभात, गाजराची चीर आणि पालकाचे पान यांची होते, व सुशी हा गारढोण पालकभात आहे असे ज्ञान मुलाच्या मनावर कायमचे ठसते.

जपानच्या प्राथमिक शाळांत मुले स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, फरशी पुसतात आणि दुपारचे जेवण पाळीपाळीने एकमेकांना वाढतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या संस्कृतीतले काही सहज करून पाहता येण्यासारखे असेल तर ते हेच, आणि त्याला गाउन लागत नाही की वाटी लागत नाही. तथापि हा भाग कार्यक्रमात घेतला तर दुसऱ्या दिवशी किती पालक मुख्याध्यापिकांच्या दारात उभे राहतील याचा अंदाज शाळेला असल्यामुळे, कार्यक्रम संपल्यावर सभागृहातला क्रेप कागद शाळेतल्या मावशीच गोळा करतात.

परदेशाकडून काय घ्यावे याचा निकाल याच पेठेत एकदा लागून गेला होता. अमेरिकी मिशनरी सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. म्हणजे फुले दांपत्याने अमेरिकेची टोपी न घेता शाळा घेतली. 'कल्चर डे'च्या निकषांवर या उपक्रमाला फार गुण मिळाले नसते, कारण त्यात ध्वज नव्हता. तो वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला असून तेथे स्मारक व्हावयाचे आहे. समोरच्या दगडूशेठ गणपतीला आलेल्या मुलांना ही जागा दाखवावी असे अजून कोणत्या प्रोजेक्टमध्ये आलेले नाही.

जपानी कंदील उजळायला दिव्यांची माळ लागते, आणि ती पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात स्वस्त पडते. माळ चीनची असते, आशिया खंडातील सलोखा तो एवढाच. या बाजाराला लागून, श्रीकृष्ण चित्रपटगृहाच्या आसपास, ज्या आळ्या आहेत त्यांचे नाव पुण्यात मुलांसमोर घेतले जात नाही. तेथे देहविक्रय करून जगणाऱ्या बायकांत काही कर्नाटकातल्या, काही बंगालच्या आणि काही नेपाळच्या आहेत, म्हणजे तिसरीच्या पुस्तकाच्या हिशेबाने 'गल्ली' आणि 'जग' ही दोन्ही स्थानके येथे एकाच फलाटावर येतात. दुपारी एखाद्या उंबऱ्यावर बसून एखादी बाई गणवेशातल्या मुलीच्या वेणीला तांबडी रिबीन बांधत असते आणि तिच्याशी जे बोलते ते मराठी नसते. ध्वजांच्या तक्त्यात एकच ध्वज चौकटीत नीट बसत नाही, तो नेपाळचा; एकावर एक दोन त्रिकोण असलेला तो ध्वज कसा काढावा याच्या भौमितिक पायऱ्या त्या देशाच्या राज्यघटनेतच दिलेल्या आहेत. गुंडाळीतून डोकावणारा नेमका तोच ध्वज मुलाच्या दृष्टीस पडतो, आणि हा कोणाचा, तिथली माणसे कशी असतात, काय बोलतात, असे प्रश्न ते विचारू लागते. 'तो देश आपल्याला दिलेला नाही,' असे सांगून आई त्याचा हात घट्ट धरते, त्याला रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घेते आणि जपानच्या दिव्यांचा भाव करायला पुढच्या दुकानात शिरते.