घरगुती हेरखाते

आर्य चाणक्याच्या अर्थशास्त्रातील हेरांचे वर्गीकरण वाचल्यापासून, माणसाने माणसावर पाळत ठेवण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा संभवतात तेवढ्या सर्व या पुरुषाने आधीच दप्तरी दाखल करून ठेवल्या आहेत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. एका जागी ठाण देऊन बसणाऱ्या हेरांत कपटी विद्यार्थी, व्रतभ्रष्ट संन्यासी, गृहस्थ, व्यापारी आणि तापस असे पाच. आणि फिरत्या हेरांत विष घालणाऱ्या रसदापासून घरोघर शिरकाव असलेल्या भिक्षुकीपर्यंत चार. अशी त्याची नवविध मांडणी आहे. परंतु जांभळ्या रंगाचा, चुटके सांगणारा आणि मधूनच गाणे म्हणणारा गोरिला हा दहावा प्रकार मात्र त्यालाही सुचला नाही. तो सुचला एका अमेरिकन कंपनीला. 'बॉन्झीबडी' या नावाचे हे जनावर संगणकाच्या पडद्यावर बागडून मालकाची करमणूक करी, आणि करमणुकीच्या ओघात मालकाविषयीची माहिती आपल्या खऱ्या धन्याकडे रवाना करी. आईबापांस न विचारता लहान मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल 2004 साली तेथील सरकारने या कंपनीकडून 75,000 डॉलर दंड वसूल केला. विदूषकाला एवढा जबर दंड झाल्याचे उदाहरण संस्कृत नाटकांतही आढळणार नाही.

या हकीकती मला ठाऊक होण्याचे कारण म्हणजे त्याच सुमारास आमच्या घरी दाखल झालेला संगणक. आरंभी मोठ्या तत्परतेने वागणारे ते यंत्र पुढे पुढे, बढती नाकारलेल्या अव्वल कारकुनाप्रमाणे, हुकूम ऐकून घेऊन मग त्याची तामिली करावी की नाही याचा सावकाश विचार करू लागले. एका पानाची मागणी करावी तर न मागितलेल्या जाहिराती आधी हजर होत. आणि पडद्याच्या वरच्या अंगास नाना कंपन्यांचे टूलबार असे एकावर एक रचले गेले होते, की मूळ मजकुरासाठी तळाशी जेमतेम एक पट्टी उरली होती. हिंजवडीत नोकरीस असलेला माझा भाचा एका रविवारी आला, त्याने यंत्राकडे क्षणभर पाहिले, "मामा, तुमच्याकडे स्पायवेअर आहे" एवढेच सांगितले आणि चहा मागितला.

घरात अँटीव्हायरस असताना हे घडावे कसे, या माझ्या पृच्छेवर त्याने इंग्रजीमिश्रित भाषेत जो प्रदीर्घ खुलासा केला, तो सबंध हयात महसूल खात्यात काढलेल्या माझ्यासारख्याला असा उमगला, की व्हायरस हे फौजदारी प्रकरण असून स्पायवेअर हे दिवाणी आहे. व्हायरस कुलूप फोडून आत येतो. स्पायवेअर बहुतेक वेळा रीतसर परवान्यानिशी येते. फुकट गाणी मिळवून देणारा 'काझा'सारखा एखादा कार्यक्रम आपण हौसेने घरात घ्यावा, तर त्याच्या करारनाम्याच्या पोटात जाहिरातदारांच्या आणखी दोन-चार कार्यक्रमांना निवासाचा हक्क दिलेला असतो, आणि 'मला मान्य आहे' या शब्दांवर आपण न वाचता अंगठा उठवलेला असतो. त्या पोटभाडेकरूंना पुढे हुसकावून लावावे, तर मूळ कार्यक्रमच रुसून काम थांबवतो.

यातली कायदेशीर बाजू तर विशेष रम्य आहे. 'गेटर' नावाच्या कंपनीचा कार्यक्रम आपले परवलीचे शब्द ध्यानात ठेवण्याची सेवा करी, आणि त्या बदल्यात आपण कोठे कोठे फिरतो ते पाहून त्या बेताच्या जाहिराती पुढे करी. आमच्या पानांवर हिच्या जाहिराती उमटतात, म्हणून वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आदी वृत्तपत्रांच्या प्रकाशकांनी 2002 साली या कंपनीला न्यायासनासमोर उभे केले. एवढे झाल्यावर एखाद्याने मान खाली घातली असती. परंतु पुढच्याच वर्षी, आपल्याला स्पायवेअर म्हटले, या कारणास्तव या कंपनीने 'पीसी पिटस्टॉप' नावाच्या संस्थेवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि त्या संस्थेला तडजोड करून आपला काही मजकूर मागे घ्यावा लागला. चाणक्याच्या काळी हेराला अब्रू नसे, ही राज्यकारभाराची केवढी सोय होती!

याच पीसी पिटस्टॉपने आपल्या एका कार्यक्रमाच्या करारनाम्यात असे एक कलम गुपचूप घातले होते, की हे कलम वाचून जो कोणी अमुक पत्त्यावर कळवील त्यास मोबदला देण्याचा विचार केला जाईल. चार महिने लोटले, तीन हजारांहून अधिक वेळा तो कार्यक्रम उतरवून घेतला गेला, तेव्हा कोठे एक पत्र आले आणि त्या पत्रकर्त्याच्या पदरात 1000 डॉलर पडले. तो कोण होता हे माझ्या वाचनात आलेले नाही. परंतु तो महसूल खात्यातून निवृत्त झालेला असावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

तात्पर्य, हेर हुसकावणारा कार्यक्रम निवडताना, भाच्याच्या "मामा, तुम्ही सरळ ओके करा हो" या उपदेशास न जुमानता, प्रत्येकाचा करारनामा आरंभापासून अखेरच्या कलमापर्यंत वाचण्याचा परिपाठ मी ठेवला. या शाखेचा आद्य ग्रंथ म्हणजे अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन यांनी 2000 साली रचलेला 'ऑप्टआउट'. त्यांच्या स्वतःच्याच यंत्रात जाहिरातदारांचा एक कार्यक्रम परस्पर मुक्कामास आलेला आढळला, त्या संतापाचे ते फलित होय. आमच्या वेळेपर्यंत 'ॲड-अवेअर' आणि 'स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय' या दोघांचा अंमल सुरू झाला होता. यांपैकी दुसऱ्याचा करारनामा वाचताना मी चष्मा पुसून पुन्हा लावला. पॅट्रिक कोला या जर्मन कर्त्याने हा कार्यक्रम पृथ्वीवरील सर्वांत विलक्षण मुलीस अर्पण केल्याचे त्यात नमूद होते. आणि मोबदला म्हणून, कार्यक्रम पसंत पडल्यास आपापल्या देवाजवळ कर्त्यासाठी व त्या मुलीसाठी प्रार्थना करावी, एवढीच मागणी होती. कुळकायद्याच्या कागदांपासून खाणपट्ट्यांपर्यंत नाना तऱ्हेचे दस्त माझ्या नजरेखालून गेले आहेत. परंतु सारा परस्पर देवाकडे जमा करावा असे फर्मावणारा दस्त मी पाहिला नव्हता. हा मजकूर मी घरात वाचून दाखवला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने "लग्न झालं का त्यांचं?" एवढा एकच प्रश्न केला, आणि माझ्यापाशी उत्तर नाहीसे पाहून, झाले असेलच असे गृहीत धरून, सारसबागेच्या गणपतीपुढे 'कोला आणि मंडळी' यांच्या नावाने नारळ फोडला. परदेशी चलन न लागता इतका चोख भरणा झालेली सॉफ्टवेअरची दुसरी खरेदी आमच्या पेठेत झाली नसावी.

तथापि एकट्या हेरावर विसंबणे शास्त्रसंमत नव्हे. तीन हेरांची बातमी परस्परांशी जुळली तरच ती खरी मानावी, आणि त्या हेरांस एकमेकांचा पत्ता लागू देऊ नये, असा अर्थशास्त्राचा दंडक आहे. मायक्रोसॉफ्टने 2004 च्या डिसेंबरात 'जायंट' नावाची कंपनी विकत घेऊन, तिचाच कार्यक्रम पुढच्या महिन्यात आपल्या नावाने फुकट वाटावयास काढला होता (यालाच पुढे 'डिफेंडर' म्हणू लागले). तेव्हा तिसऱ्या हेराचीही तजवीज झाली. तिघांनी पाळीपाळीने झडती घेतली. एकाने मुद्देमालाची भलीमोठी यादी सादर केली, दुसऱ्याने तिच्यातल्या बहुतेकांस ओळख दाखवली नाही, आणि तिसऱ्याचा अहवाल निरंक होता. चौकशीअंती निष्पन्न झाले, की पहिल्याच्या यादीतले बहुसंख्य आरोपी म्हणजे नुसत्या कुकी होत्या. म्हणजे एखाद्या संकेतस्थळाने आपली ओळख पटावी म्हणून आपल्याच यंत्रात ठेवलेल्या चिठ्ठ्या. त्यांतल्या काही पाळत ठेवण्याच्या कामी येतात हे खरे. पण चिठ्ठी जप्त करून हेर पकडल्याची फुशारकी मारणे हे खात्याच्या शिस्तीत बसत नाही. हेरांना एकमेकांचा पत्ता लागू न देण्याचे मर्मही मला पुढे कळले. फेब्रुवारी 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या या पहारेकऱ्याने सिमँटेकच्या अँटीव्हायरसलाच परवलीचे शब्द चोरणारा गुन्हेगार ठरवले, आणि ज्यांनी त्याच्या सल्ल्यानुसार 'काढून टाका' म्हटले त्यांच्या घरचा दुसरा पहारेकरी जायबंदी झाला.

तोतयांचा प्रकार याहून वाईट. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पाहिलेल्या शहराला या जातीचे नवल वाटू नये. परंतु 'स्पायशेरीफ' वगैरे नावे धारण करून, तुमच्या घरात हेर शिरले आहेत अशी आवई स्वतःच उठवणारे आणि ते काढण्याची फी मागणारे हे पहारेकरी पाहून, मुंबईच्या नगरपालांनी आपल्या पदाच्या नावाचा गैरवापर होत असल्याची तक्रार कशी केली नाही, याचा मला अचंबा वाटतो. 'स्पायवेअर क्लीनर' नावाच्या अशाच एका मालाबद्दल अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2006 साली फिर्याद ठोकली आणि विक्रेत्या कंपनीने वर्षअखेर 10 लाख डॉलर देण्याचे कबूल करून प्रकरण मिटवले.

एवढ्या बंदोबस्तावर कळस म्हणून भाच्याने एक फायरवॉल बसवून दिली. हा नाका आतून बाहेर निघालेल्या प्रत्येक कार्यक्रमास अडवून, अमुक अमुक इंटरनेटवर जाऊ इच्छितो, जाऊ द्यावे काय, असा सवाल पडद्यावर टाकी. दुपारच्या वेळी संगणकावर पत्ते लावीत बसणारी व्यक्ती आमच्या घरात एकच असल्याने नाक्याची मुखत्यारी आपोआप सौभाग्यवतीकडे गेली, आणि तिने सर्वांना सरसकट नकार देण्याचे धोरण अंमलात आणले. यंत्र पूर्ववत चपळ झाले. जाहिराती थांबल्या. पुढे दिवाळीच्या सुमारास भाचा आला तेव्हा त्याला आढळून आले, की हेर पकडणाऱ्या आमच्या कार्यक्रमापाशी नव्या हेरांची यादीच पोहोचलेली नाही. ती आणावयास तो बिचारा रोज निघत होता आणि रोज नाक्यावरून परत पाठवला जात होता.

"मामी, अहो तो आपलाच माणूस होता!"

"मग नाव-गाव सांगायला काय झालं होतं? नुसतं 'अपडेट डॉट ईएक्सई' म्हणे. कुणाचा कोण?"

या बिनतोड हरकतीवर हिंजवडीच्या विद्वत्तेपाशी उत्तर नव्हते. त्याने निमूटपणे तो कार्यक्रम पुन्हा सुरू केला, नाक्याने पुन्हा तोच सवाल पडद्यावर टाकला. परंतु एव्हाना मंडईची पिशवी घेऊन ही दाराशी पोहोचली होती, आणि "मी येईपर्यंत कुणाला सोडू नका" असा तोंडी हुकूम देऊन ती जिना उतरूनही गेली. शेकडो यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या माझ्या भाच्याने माउसवरचा हात सावकाश काढून घेतला, आणि आम्ही दोघे चिवडा खात ती परत येण्याची वाट पाहू लागलो.