पावलागणिक पावती

कोथरूडमधल्या एका सोसायटीने (नाव सांगत नाही, माझं तिथे अजून जेवणखाण आहे) यंदा नोटीस बोर्डावर सूचना लावली. सभासदांच्या आरोग्यासाठी महिनाभराची चालण्याची स्पर्धा. रोजचं उद्दिष्ट १०,००० पावलं. ज्याची पावलं सर्वांत जास्त भरतील त्याला एक महिन्याचा मेंटेनन्स माफ. ‘आरोग्य’ वाचून लोक पुढे सरकले होते, ते ‘माफ’ वाचून माघारी आले. संध्याकाळपर्यंत नावांचा कागद पुरेना. त्यात अशीही मंडळी होती, ज्यांना पार्किंगच्या पलीकडे पायी गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या आठवड्याचा तक्ता लागला. पहिल्या क्रमांकावर तिसऱ्या मजल्यावरचे तबल्याचे मास्तर. दिवसाला बावीस हजार. मास्तर सकाळ-संध्याकाळ मांडी घालून शिकवण्या घेतात, हे अख्ख्या इमारतीला ऐकू येतं. दुसऱ्या क्रमांकावर विमा एजंट. हे गृहस्थ दारात स्कूटरवर बसतात ते दारातच उतरतात. तिसऱ्या क्रमांकावर बी विंगच्या आजी. पावलं मोजणारा पट्टा नातवाच्या मनगटावर असतो, ही गोष्ट आजींनी अजिबात लपवली नाही. “नातू माझाच ना? मग त्याची पावलं कुणाची?” या प्रश्नाला उपविधींत उत्तर नाही.

आणि तळाला अण्णा. रोज पहाटे काठी टेकत वेताळ टेकडी चढून येणारे, सोसायटीतले एकमेव खरोखर चालणारे गृहस्थ. अण्णांनी जावयाने दिलेलं, कमरेला लावायचं जुनं यंत्र आणून सेक्रेटरींच्या टेबलावर आपटलं. “टेकडी चढून आलो, आणि हे लेकाचं म्हणतंय सातशे!”

यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. यंत्रंही नाहीत आणि अण्णाही नाहीत. पाऊल नावाची वस्तू यंत्राला दिसतच नाही, त्याला फक्त हिसका कळतो. मनगटी पट्ट्यात आणि फोनमध्ये एक इवलीशी चिप असते. आपण पुढेमागे, वरखाली, डावीउजवीकडे किती झटक्याने हललो, एवढंच ती टिपते. चालणाऱ्या माणसाचे हिसके मिनिटाला शंभराच्या आसपास आणि एका लयीत येतात. तशी लय सापडली की आतला प्रोग्रॅम म्हणतो, चालला गडी. आता मध्य लयीतला तीनताल घ्या. यंत्राच्या दृष्टीने मास्तर झपाझप लोणावळ्याला निघालेले असतात. गाडीची थरथर ओळखून टाकून द्यायला नवी यंत्रं शिकली आहेत, पण एकामागून एक खड्डे पार करणारी स्कूटर आणि लगबगीने चालणारा माणूस यांत त्यांची अजून गल्लत होते.

अण्णांच्या यंत्रात चिपच नव्हती. आत स्प्रिंगवर टांगलेली एक दांडी. पाऊल पडलं की ती खाली जाते, टक्, एक. त्यासाठी यंत्र कमरेला सरळ उभं राहावं लागतं. कमरेच्या पट्ट्यावरून पोट पुढे आलेलं असेल तर यंत्र तिरकं होतं, दांडी अडते आणि पावलं बुडतात. संशोधकांनी हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे डॉक्टरांनी ज्यांना ढेरी बघून चालायला पाठवलं, नेमकी त्यांचीच पावलं हे यंत्र खातं. शिवाय काठी टेकत सावकाश चालणाऱ्याचा हिसका इतका मवाळ असतो की दांडी काय, पुष्कळदा चिपही जागची उठत नाही.

हा शास्त्रार्थ चालू असताना माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. यंत्र चुकीचं मोजतंय अशी तक्रार घेऊन आलेला प्रत्येक माणूस कमी मोजल्याची तक्रार घेऊन आला होता. “माझं यंत्र रोज चार हजार जास्त दाखवतं हो, काहीतरी करा,” असं म्हणत कुणी जिना उतरलं नाही. वजनकाट्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो.

शेवटी पाऊल पडताळणी उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता. माती किती घनमीटर उकरली हे उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या तोंडी ऐकून मान्य न केलेला माणूस. त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं, “मी जागेवर जाऊन मोजल्याशिवाय एम.बी.त (मोजमाप पुस्तकात) नोंद करत नाही.”

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चाचणी झाली. चाचणी जगभर चालते तीच, अगदी साधी. आकडा बघून ठेवायचा, तोंडाने मोजत वीस पावलं टाकायची, पुन्हा आकडा बघायचा. एखाद्या पावलाचा फरक चालेल, जास्त पडला तर यंत्राची जागा बदला, नाहीतर यंत्र बदला. जपानमध्ये यासाठी सरकारी मानक आहे, शंभरात तीन पावलांची चूक माफ. हे अध्यक्षांनी वाचून दाखवताच खजिनदारांनी हिशेब केला, “शंभरात तीन म्हणजे दहा हजारात तीनशे. ते सगळे आपल्याच बाजूने धरायचे ना?”

चाचणीत नवीच भानगड निघाली. वीस पावलं संपली तरी निम्म्या पट्ट्यांवरचा आकडा ढिम्म. दोन मिनिटांनी तो एकदम उडी मारून पुढे गेला. बरीच यंत्रं पहिली काही पावलं नुसती बघत बसतात. माणूस खरंच चालतोय की खुर्चीत चुळबुळ करतोय याची खात्री पटली की मागची पावलं धरून आकडा टाकतात. नाही पटली तर ती पावलं सोडून देतात.

हे ऐकून ए विंगच्या काकू पुढे आल्या. ओट्यापासून फ्रिज चार पावलं. फ्रिजपासून देवघर पाच. तिथून गॅलरीतली तुळस सहा, परत ओटा. सकाळी साडेपाचपासून रात्री दहापर्यंत हाच प्रवास, आणि यंत्राची खात्री पटेल इतकं सलग अंतर एवढ्याशा घरात आणायचं कुठून? मात्र कणीक तिंबली आणि पोळ्या लाटल्या, तेव्हा पट्ट्याने खुशाल काही शे पावलं जमा केली.

“म्हणजे उभी राहिले ते चालणं,” काकू म्हणाल्या, “आणि चालले ते काहीच नाही?”

अध्यक्षांनी ही हरकत इतिवृत्तात घेतली आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय मावशींचा होता. मावशी दोन्ही विंगमधल्या पाच घरांची धुणीभांडी करतात. लिफ्ट सभासदांसाठी असल्यामुळे त्या जिन्याने चढतात. त्यांचा फोन पिशवीत आणि पिशवी खिळ्याला, कारण हात ओले. त्यामुळे फोनच्या मते मावशी दिवसभर भिंतीला टेकून उभ्या असतात. एका बाईंनी सुचवलं की मावशींना पट्टा बांधून बघू तरी. अध्यक्ष म्हणाले, “त्या सभासद नाहीत.” विषय संपला. उपसमितीने पूर्ण अचूकतेने निकालात काढलेलं हे एकच प्रकरण.

दुसऱ्या बैठकीत विमा एजंटांनी चहाबरोबर एक माहिती पुरवली. चालणाऱ्यांना हप्त्यात सवलत देणाऱ्या विमा योजना देशोदेशी निघाल्या आहेत, त्यामुळे चीनमध्ये फोन झुलवणारे छोटे पाळणे ऑनलाइन विकत मिळतात. फोन पाळण्यात घालायचा, बटण दाबायचं आणि आपण झोपायचं. सकाळी उठावं तो हजारो पावलं जमा. अध्यक्षांनी या प्रकाराचा निषेध नोंदवला. बैठक संपल्यावर जिन्यात एजंटांना गाठून किंमत विचारणारे चार जण होते, त्यात उपसमितीचे दोघे.

मग मुळावरच कुणीतरी बोट ठेवलं. दहा हजारच का? आठ का नाही? हा आकडा कुठल्या वैद्याने काढला? तर कुठल्याच नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची हवा होती. त्या हवेत १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल, लक्षात राहणारा, जाहिरातीला झकास. पुढे साऱ्या जगाने तो वैद्यकीय सल्ला म्हणून गिळला. संशोधन झालं ते बऱ्याच उशिरा. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वयस्कर स्त्रियांच्या पावलांची नोंद तपासली. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला.

सभेत आनंदाची लाट आली. उद्दिष्ट ताबडतोब ४,४०० वर आणावं असा ठराव मांडला गेला. त्या स्त्रियांचं सरासरी वय बहात्तर होतं, असं अध्यक्षांनी निदर्शनास आणताच पन्नाशीतल्या दोघांनी आपले गुडघे बहात्तरचेच आहेत असं सांगितलं.

अध्यक्षांना हा सगळा गोंधळ असह्य होत होता. नोकरीत त्यांनी सर्वेक्षणाचा इतिहास मनापासून वाचलेला, त्यामुळे त्यांनी नैनसिंग रावतांची गोष्ट काढली. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातले हे शाळामास्तर. तिबेटात गोऱ्या माणसाला मज्जाव होता, म्हणून सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी त्यांना डेहराडूनला चालायला शिकवलं. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे, मैलाला दोन हजार. हातात जपाची माळ, पण मणी १०८ नाहीत, १००. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात. असे मोजत मोजत ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

शंभर मणी, मण्याला शंभर पावलं. अध्यक्षांनी फळ्यावर गुणाकार करून दाखवला. माळेचा एक फेरा म्हणजे बरोबर १०,०००. जपानी कंपनीच्या शंभर वर्षं आधी!

मला मात्र त्या गुणाकारापेक्षा दुसरा हिशेब सुचला. नैनसिंगांनी एक मणी जास्त ओढला असता तर नकाशावरचं ल्हासा तेवढं सरकलं असतं. आमच्या विमा एजंटांनी पाच हजार पावलं फुकट घेतली तरी कोथरूड जागचं हलत नाही. आकडा वाढवून ज्याला दमडीचा लाभ नाही, त्याच्याच हाती माळ शोभते. आम्ही सगळ्यांच्या हातात पट्टे दिले आणि वर मेंटेनन्स माफ केला.

अध्यक्षांचा उपाय मात्र ठरला होता. यंत्र बरोबर मोजतं की नाही हे प्रयोगशाळेत ठरवतात तरी कसं? चालणाऱ्याचं चित्रण करून, नाहीतर शेजारी माणूस उभा करून. त्याच्या हातात अंगठ्याने दाबायचं काउंटर असतं, जप मोजायला वापरतात तसलंच. त्याचा आकडा खरा मानून यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडतात. सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुळाशी एक माणूस आणि त्याचा अंगठा. तेव्हा वॉचमनला काउंटर द्यावं आणि प्रत्येक सभासदामागे फिरवावं. वॉचमनने शांतपणे विचारलं, “साहेब, तोवर गेटवर कोण?” शिवाय त्याने ओव्हरटाइमचा दर सांगितला. तो माफ होणाऱ्या मेंटेनन्सच्या अडीचपट निघाला.

अध्यक्षांनी मग नोटीस लावली. पट्टा डाव्या हाताला बांधा, डावखुऱ्यांनी उजव्या, आणि कुठल्या हाताला बांधलाय ते ॲपला सांगा. हात खिशात घालून किंवा बाबागाडी ढकलत चालू नका, पावलं बुडतील. अंतर हवं असेल तर पावलाची लांबी ॲपने उंचीवरून काढलेली घेऊ नका, चारशे मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी चालून पावलांनी भागा. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी ताडू नका, आपला आजचा आपल्याच कालच्याशी ताडा. नोटीस उत्तम होती. शेवटचं वाक्य वाचून लोक बुचकळ्यात पडले. कालच्या स्वतःला हरवलं तर मेंटेनन्स कोण माफ करणार?

महिना संपला. मास्तरांनी तबला हे हाताने चालणं असल्याचा चार पानी अर्ज दिला. आजींनी नातवाचा जन्मदाखला जोडला. अण्णांनी यंत्र जावयाकडे परत पाठवलं आणि ते टेकडीवर जात राहिले. सर्वसाधारण सभेने सगळे आकडे रद्द करून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली सी विंगमधल्या बंद फ्लॅटची. मालक बारा वर्षं न्यू जर्सीत आहेत. कळवल्यावर तासाभरात त्यांनी तिकडच्या पावलांचा स्क्रीनशॉट पाठवला. खजिनदारांनी तो बाजूला ठेवला, माफीची रक्कम त्यांच्या थकबाकीत वळती केली आणि उरलेल्या रकमेचं व्याजासकट बिल त्याच मेलला जोडून पाठवलं.