पंधरा दिवसांत परोपकार कसा उरकावा

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात सेवाभावाचा रकाना रिकामा पडलेला आहे आणि तो भरण्यास सुटीचे अवघे पंधरा दिवस शिल्लक आहेत, अशा पेचात सापडलेल्या सुखवस्तू तरुणाने वेळ न दवडता कंबोडियातील सिएम रीप या गावाचा रस्ता धरावा. कारण सूर्यवर्मा राजाने बाराव्या शतकात उभारलेले अंकोरवाट तेथून जवळच असल्याने प्रातःकाळी देवालय आणि अपराह्णी अनाथालय असा दुहेरी पुण्यसंचय एकाच प्रवासखर्चात पदरी पडतो.

अनाथ पुरेसे मिळतील की नाही, ही विवंचना करू नये. ख्मेर रूजची संहारक राजवट 1979 मध्येच संपुष्टात आली असताही, 2005 ते 2010 या पाचच वर्षांत त्या देशातील अनाथालये सुमारे पाऊणपटीने वाढली. आणि त्यांतील दर चार मुलांपैकी तिघांची आई, बाप किंवा दोघेही हयात असल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले, तरी नाउमेद होण्याचे कारण नाही. मुलास दोन वेळचे अन्न आणि इंग्रजी मिळेल, असे भातशेतीवर कशीबशी गुजराण करणाऱ्या बापास पटवून दिले की तोच त्यास आणून सोडतो. पाहुण्यांची आवक वाढली म्हणजे अनाथांची पैदास करावी लागते, हा व्यवहार साधा आहे. बापाच्या उंबऱ्यात तांदळाचे पोते पोचवणे पुष्कळ स्वस्त पडले असते हे खरे. पण पोत्यासोबत छायाचित्र काय शोभणार!

शिकवण्याची सनद कोणी मागत नाही. आपल्या गावच्या शाळेत ज्यास शिपायाची जागाही दाखल्याविना मिळणार नाही, त्याच्या हवाली तेथे तीस मुलांचा वर्ग बिनबोभाट केला जातो. रंगांची इंग्रजी नावे शिकवावीत. ती मुलांना मागच्या पंधरवड्यातील आणि त्याआधीच्या पंधरवड्यातील गुरुजींकडून मुखोद्गत असल्याने अध्यापन विलक्षण यशस्वी होते. भिंत रंगवण्याचा आग्रह झाल्यास तीही रंगवावी. गावचा रंगारी तेवढे दिवस बसून राहील.

अनोळखी मूल पहिल्याच दिवशी गळ्यात पडेल. वारंवार माणसे तुटत गेलेल्या मुलांत असे लक्षण आढळते, असे बालमानसशास्त्रज्ञ म्हणतात. आपण ते स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाचे तेज समजावे. तसेच इव्हान इलिच नामक गृहस्थाने 1968 मध्ये मेक्सिकोत, सेवेस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना, पाहावयास या, शिकावयास या, पण मदतीस येऊ नका, अशा आशयाचे खडे बोल सुनावले, किंवा ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 मध्ये गुलामगिरीवरील अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली, असल्या गोष्टी निघण्यापूर्वी वाचू नयेत. प्रकृतीस मानवत नाहीत.

निरोपाच्या दिवशी मुलाने 'पुन्हा कधी येणार?' असे विचारल्यास 'लवकरच' म्हणावे. न विचारल्यास रागावू नये. सोमवारी नव्या पाहुण्यांची गाडी यावयाची असते, आणि त्यास स्वागतगीताच्या तालमीस बसावयाचे असते.