मामंजींची तगाई

जमीन दाखवणारा माणूस सातबाऱ्यावर बोट ठेवतो ते क्षेत्रावर. घेणाऱ्यानं बघावं उजवीकडं, 'इतर अधिकार' या रकान्यात. आमच्या साडूभाऊंनी बघितलं, तर तिथे 'तगाई रु. ५००' दबा धरून बसलेली. विकणाऱ्याच्या आजोबांनी विहिरीसाठी काढलेली. विहीर जागेवर आहे, त्यामुळे कर्जाच्या हेतूबद्दल शंका नाही.

शेतकऱ्याला सरकारनं अशी रक्कम द्यावी म्हणून इंग्रजांनी दोन कायदे केले होते: १८८३चा जमीनसुधारणेसाठी, १८८४चा बी-बियाणं आणि बैलांसाठी. पुढे इंग्रज गेले, मुंबई राज्य गेलं, आजोबाही गेले. पाचशे रुपये तेवढे हयात.

"पाचशेच ना? भरून टाकू," साडूभाऊ म्हणाले. पण पैसे घेणार कोण? तलाठ्याचा हुद्दा आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालाय, गावाला मात्र ते भाऊसाहेबच. ते म्हणाले, "भरणा झाल्याचा दाखला आणा, लगेच फेरफार धरतो." तालुक्याच्या कचेरीत म्हणाले, "आमच्याकडं बाकीच दिसत नाही, दाखला कशाचा देऊ?" बाकी नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून बाकी आहे! आणि वकीलसाहेब कोऱ्या सातबाऱ्याशिवाय खरेदीखताला हात लावायला तयार नाहीत.

मग विकणाऱ्याच्या आईनं पत्र्याची ट्रंक उघडली. शेतसाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या तारेला ओवून ठेवलेल्या, बैल घेतल्याची चिठ्ठी, जत्रेच्या वर्गणीची पावतीसुद्धा होती. तगाईची तेवढी नव्हती. म्हातारी सारखी म्हणत होती, "मामंजींनी कुणाचा पैसा ठेवला नाही हो. शेंगा विकून फेडली तगाई." फेडलीही असेल. पण फेडल्यावर नोंद कमी करून घ्यायला कोण जातं? कचेरीत खेटे घालण्यापेक्षा दुसरी विहीर खणणं सोपं.

अशा नोंदी गावोगाव इतक्या साचल्या होत्या, की २०२५ साली सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. आधी मयत खातेदारांच्या जागी वारस लावायचे, मग तगाई, बंडिंगचे बोजे, सावकारी कर्जं असल्या कालबाह्य नोंदी काढायच्या. साडूभाऊंचं काम त्या लाटेत निघालं. फेरफार धरला, नोटीस लागली, हरकतीसाठी पंधरा दिवस गेले. हरकत घ्यायला कोण येणार होतं, देव जाणे! मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली. साडूभाऊंनी पेढे आणले.

म्हातारीनं पेढा हातातच ठेवला. "काय लिहिलंय, वाचा की."

"कालबाह्य नोंद कमी केली, आजी," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि फेडली म्हणून कुठं लिहिलंय?"

"तसं नाही लिहिता येत, आजी. पावती लागते."

"मग सरकारनं सोडून दिली असंच समजणार की लोक!"

साडूभाऊ खरेदीची तारीख विचारत होते. भाऊसाहेब मात्र फेरफाराचा कागद पुन्हा उघडून बघत राहिले.