फिनचं स्थळ नापसंत

‘स्टार वॉर्स’च्या हौशी चाहतेलेखकांनी वधूवर सूचक मंडळ काढलं, तर काय होईल? उपवर मुलगी नायिका रे. पहिलं स्थळ खलनायक कायलो रेन. गावकऱ्यांची कत्तल करवली, मुलीला जखडून तिचं मन उचकटलं, बापाला भोसकलं. पण गोरा, खानदानी आणि आतून दुखावलेला! पसंत.

दुसरं स्थळ फिन. लहानपणीच घरच्यांपासून हिरावलेला, नावाऐवजी नंबर मिळालेला, तरी त्याच गावकऱ्यांवर गोळी न झाडणारा. पण 2015च्या ‘द फोर्स अवेकन्स’ या चित्रपटात जॉन बोयेगानं साकारलेला हा नायक काळा. त्याला कुठलं आलंय दुःख? मग चाहत्यांच्या कितीतरी कथांत त्याच्या वाट्याला ठरलेली कामं: रेची समजूत काढणं, विनोद करणं, नाहीतर मत्सरी अडसर होणं. पळताना त्यानं रेचा हात धरला, तर ती दांडगाई. कायलोनं तिला बेशुद्ध करून उचलून नेलं, तर तो प्रणय.

विचारलं, तर उत्तर तयार: ‘वर्णाचा प्रश्नच नाही हो, केमिस्ट्री जुळत नाही.’ खरंच असेल. एकमेकांचं तोंडही न बघवणाऱ्या कायलो आणि जनरल हक्स या दोन गोऱ्यांची मात्र याच मंडळींनी झकास जुळवली!