कडक स्प्रिंगांचा नाद

माझ्दाची एमएक्स-5 ही 1989 साली शिकागोत लोकांसमोर आली ती चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन घेऊनच. वळणावर गाडी थोडी कलते, पण चाकं रस्ता सोडत नाहीत. हे कलणं मात्र हौशी मालकाच्या जिव्हारी लागतं. मग उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगांचे कॉइलओव्हर येतात, कलणं रोखणारा जाड अँटी-रोल बार येतो आणि पोट जमिनीला घासेल इतकी गाडी खाली बसवली जाते.

जर्मनीत हा सगळा थाट आधी अधिकृत तपासनिसाला दाखवून कागदोपत्री चढवावा लागतो. त्यानंतर स्वारी निघते न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या शर्यतीच्या ट्रॅकवर.

जवळपास 21 किलोमीटरचा हा रस्ता चढउतारांचा, उंचवट्यांचा. कारुसेल नावाच्या काँक्रीटच्या वळणात तर हाडं खिळखिळी होतात. स्प्रिंगला दबायला जागाच उरलेली नसते. गाडी बम्प स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या अडथळ्यावर, आदळते, चाक क्षणभर उचललं जातं आणि जिच्यासाठी एवढा खर्च केला ती पकडच गायब!

बरं, हौशींसाठीच्या खुल्या फेऱ्यांत वेळ मोजायलाच मनाई. त्यामुळे गाडी किती सेकंदांनी सुधारली, हे मालक सांगेल तेच खरं. तेच पैसे टायर आणि प्रशिक्षकावर घातले असते तर वेग बहुधा वाढलाही असता. पण प्रशिक्षकाला कॉइलओव्हरसारखा सोनेरी रंग देऊन चाकाआडून मिरवता येत नाही ना!